वळण

डॉक्टरांनी कागदावर गळा काढला,
मधोमध काट मारली. हे सगळं जाईल, म्हणाले.
पस्तीस वेळा शेक दिलेली जागा
पुन्हा शेकता येत नाही,
तिथलं मांस टाकाही धरत नाही.
डाव्या हाताची कातडी घेऊ,
तिची नळी वळू.

वळू, म्हणाले.
मला तेवढं एक नीट समजलं.

सत्तावीस वर्षं वळतेय मी.
भिजलेलं पान पत्रा ठेवून कापायचं,
तंबाखू भरायची, पेरात फिरवायचं,
तोंड दुमडायचं, दोरा.
दिवसाला हजार. त्यातल्या पन्नास तरी
चेकर छाट म्हणून बाजूला टाकायचा.
त्या मी पदरात घालून घरी आणायची.
घरी कोण ओढायचं
ते डॉक्टरांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

मग त्यांनी ह्याच्या मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबल्या.
तळवा पांढरा, न रंगवलेल्या सुतासारखा.
एक नाडी सोडली.
रक्त परत येईपर्यंत आम्ही तिघं
त्या तळव्याकडे बघत बसलो.
हात चालेल, म्हणाले.

मनगटाच्या वर चार बोटं, निळी तेलुगू अक्षरं.
हा पाच वर्षांचा असताना
सासूनं गड्ड्याच्या जत्रेत गोंदवून घेतलेली:
राजमोगली, साखर पेठ.
हरवलास तर रडू नको. हात दाखव.
मराठी येत नव्हतं त्याला. तिलाही.

हरवला नाही कधी. लूमवर लागला.
तिथं मागांच्या खडखडाटात
सगळे एकमेकांचे ओठच वाचतात,
आवाज साठवून घरी आणतात.
आमटीत मीठ कमी पडलं
की अख्ख्या बोळाला कळायचं.

अक्षरं आतल्या बाजूला जातील,
डॉक्टर म्हणाले, चालेल ना?
तेव्हा थोडा आवाज उरला होता त्याच्याकडे.
वापरला नाही. मान हलवली.

अकरा तास.
बाकावर शेजारच्या बाईनं
कडक भाकरीचा तुकडा दिला, वर शेंगाचटणी.
एका हातात तो तसाच.
दुसऱ्या हाताची बोटं
पदराचं टोक वळत होती, सोडत होती.

आता हातावर मांडीची कातडी आहे,
जाळी पडलेली, चौकोनी.
गळ्याखाली भोक. त्यावर टॉवेलची पट्टी,
मीच दुमडून शिवलेली.
अठराव्या दिवशी पहिला घोट पाण्याचा.
नर्स टाक्यांकडे बघत होती, गळतंय का म्हणून.
मला वाटत होतं, सासूच्या भाषेची गोल अक्षरं,
आधीच वळलेली, पुन्हा वळलेली,
त्यातलं कुठलं आधी भिजलं असेल.

चार महिन्यांनी गळ्यात बटण बसवलं.
भोकावर बोट ठेवा, बाई म्हणाल्या, आणि म्हणा: अ.
त्यानं बोट ठेवलं आणि म्हटलं: नीळ्ळू.
पाणी.
कोण बोललं म्हणून मी दाराकडे बघितलं.

जानेवारीत जत्रेला नेलं.
पाळण्यापाशी हात सुटला.
हाक मारायला तो काय हाक मारणार.
चुकलेल्या मुलांच्या मंडपात मी नाव सांगितलं.
वय? पोरानं विचारलं. एकसष्ट.
हसला तो. मग माइक बंद करून म्हणाला,
मावशी, पुन्हा सांगा.

सापडला तो गोंदणाऱ्यापुढे,
बाही वर करून. डाव्या हातावर शाई धरणार नाही
म्हणून उजवा पुढे केलेला.
काय लिहू? गोंदणारा विचारत होता.
ह्यानं भोकावर बोट ठेवलं नाही,
माझ्याकडे बघितलं.

नाव आहे, मी म्हटलं. नंबर लिहा. माझा.

मशीनच्या घरघरीत मी ओरडून दहा आकडे सांगितले.
शेवटचा सात जरा वाकडा आलाय.